लघुचित्रातला शेंदूर

प्रश्न असा आला आहे: "युरोपातल्या मध्ययुगीन हस्तलिखितांवरचा एक माहितीपट पाहिला. खालच्या मराठी ओळीत 'प्रकाशित हस्तलिखित' असं येत होतं. हस्तलिखित आणि प्रकाशित, दोन्ही एकदम कसं? इल्युमिनेटेड मॅन्युस्क्रिप्टला मराठीत नेमकं काय म्हणावं? त्यातल्या मिनिएचरला लघुचित्र म्हणतात, ते आकार लहान म्हणूनच ना? आणि अशा ग्रंथांच्या रत्नं बसवलेल्या वेष्टनाला कोंदणकाम म्हटलेलं चालेल का?"

'प्रकाशित' चूकच आहे. मराठीत पुस्तक प्रकाशित होतं म्हणजे छापून लोकांपुढे येतं, आणि हे ग्रंथ तर छापखाना येण्याआधी एकेक करून हातानं लिहिलेले. भाषांतर करणाऱ्यानं कोशातला पहिला अर्थ उचलला. मूळ लॅटिन शब्दात 'लुमेन' म्हणजे उजेड आहे, हे खरं. पण इथे तो उजेड सोन्याचा. पान हलवलं की घोटलेल्या सोन्यावरून प्रकाश सरकतो. म्हणून काटेकोर अर्थानं सोनं किंवा चांदी वापरलेल्या हस्तलिखितालाच हे विशेषण लागतं. व्यवहारात मात्र कोणत्याही रंगीत सजावटीला ते लावतात.

मी आधी 'सुवर्णमंडित' सुचवणार होतो. पण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स' आहे, साधारण इ. स. ८०० च्या सुमाराचं. वासराच्या चामड्याची ३४० पानं, पाठपोट ६८० पृष्ठं. या जातीच्या ग्रंथांत सगळ्यात प्रसिद्ध तेच, आणि त्यात सोन्याचा कणही नाही. म्हणून माझं मत 'अलंकृत हस्तलिखित' या शब्दाला. सोनं असेल तिथे 'सुवर्णालंकृत' म्हणावं. अलंकार हा शब्द आपण दागिन्यालाही वापरतो आणि काव्यातल्या उपमा-यमकालाही. अक्षरावर चढवलेल्या साजाला याहून जवळचा शब्द मला सापडत नाही.

'पोथी' म्हणावं का? माझा कल नाही. पोथी म्हटलं की सुटी आडवी पानं, दोन फळ्या आणि वर गुंडाळलेलं कापड डोळ्यांपुढे येतं. युरोपातले हे ग्रंथ एका कडेला शिवलेले असतात. आपल्याकडे त्याला खरा शब्द 'बाड'. पण बाड म्हटल्यावर मठातली अभंगांची वही आठवते, तेव्हा हस्तलिखितच बरं.

सोन्याचा विषय निघालाच आहे तर 'वर्ख' या शब्दाकडे जरा बघा. अरबी 'वरक' म्हणजे झाडाचं पान, आणि कागदाचंही. आपलं 'पान' झाडाचं, पुस्तकाचं आणि विड्याचंही. लॅटिन 'फोलियम' झाडाचं पान, त्याचाच पुढे ग्रंथाचा फोलिओ झाला. सोनं ठोकून पानाइतकं पातळ केलं की या सगळ्या भाषांना झाडच आठवतं. चामड्याच्या पानावर हा वर्ख थेट चिकटवत नसत. आधी खडू-जिप्समसारखी पांढरी पूड, शिसफेद (शिशापासून केलेला पांढरा रंग), सरस आणि थोडी साखर किंवा मध यांचा लेप देऊन जागा उचलून घेत. लेप सुकला की नळीतून त्यावर श्वास सोडत, तेवढ्या ओलाव्यानं वर्ख धरे. मग कुत्र्याच्या दातानं किंवा अकीकाच्या दगडानं घोटत. 'घोटणे' हे क्रियापद इथे अगदी चपखल बसतं. आपले कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीरही, कागद असाच दगडानं घोटून गुळगुळीत करत.

आता लघुचित्र. आकार लहान म्हणूनच ना, असं तुम्ही विचारलंत. नाही. मिनिएचर या शब्दाचा लहानपणाशी मुळात काही संबंध नव्हता.

लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणजे तांबडा रंग. प्लिनी या रोमन लेखकाच्या काळी हा शब्द हिंगुळाला, म्हणजे पारा आणि गंधक यांच्या लाल खनिजाला वापरत. पुढे तो शिशापासून केलेल्या नारिंगी-तांबड्या रंगावर स्थिरावला. तो रंग आपल्या ओळखीचाच: मारुतीला लावतात तो शेंदूर. हस्तलिखितात ठळक अक्षरं या रंगानं काढणं म्हणजे 'मिनियारे', त्या कामाचं नाव इटालियनमध्ये 'मिनियातुरा'. मग तोच शब्द पानावरच्या चित्रांसाठी रुळला. चित्रं पानात बसायची म्हणून लहान. त्यात 'मिनिमम', 'मायनर' हे 'कमी' या अर्थाचे शब्द उच्चाराला जवळचे. हळूहळू लोक समजू लागले की मिनिएचर म्हणजे लहान. तो अर्थ इतका पक्का झाला की इंग्रजीनं विसाव्या शतकात त्याचं शेपूट कापून 'मिनी' केलं. आपण मिनीबस म्हणतो, तेव्हा मुळाशी हा शेंदूर आहे!

आपण केलेलं 'लघुचित्र' हे भाषांतर त्या बदललेल्या अर्थाचं आहे. ते टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही. पहाडी, राजस्थानी, मुघल चित्रांसाठी ते मराठीत मुरलं आहे. फक्त युरोपातल्या हस्तलिखितातलं एखादं मिनिएचर पानभर मोठं दिसलं तर गोंधळू नका. तिथे 'हस्तलिखितातलं चित्र' म्हटलं की काम भागतं.

उजेड आणि शेंदूर हे दोन्ही शब्द एकाच ठिकाणी भेटल्याचा एक सुंदर पुरावा आहे. इटालियन कवी दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यात, 'पर्गेटरी' (पापक्षालनाचा लोक) या भागाच्या अकराव्या सर्गात, त्याला इटलीतल्या गुब्बिओचा चित्रकार ओदेरीसी भेटतो. दान्ते त्याला 'पॅरिसमध्ये जिला अल्युमिनार (उजळणं) म्हणतात त्या कलेची शान' म्हणून ओळखतो. इटलीत त्या कलेचं नाव शेंदरावरून होतं, म्हणून पॅरिसचा उल्लेख मुद्दाम करावा लागला. ओदेरीसीचं उत्तर मला फार आवडतं. बोलोन्याच्या फ्रांकोनं रंगवलेली पानं माझ्यापेक्षा जास्त हसतात, असं तो म्हणतो. या महाकाव्याचं एक जुनं हस्तलिखित मुंबईत, टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. तिथेच १५१६ मधलं महाभारताच्या आरण्यकपर्वाचं सचित्र हस्तलिखितही आहे.

तांबड्याचा आणखी एक शब्द शाळांमधून घरोघर पोचला आहे. शिक्षक मूल्यमापनासाठी 'रुब्रिक' करतात ना, ते लॅटिन 'रुब्रिका', म्हणजे गेरू. धर्मग्रंथातल्या सूचना आणि मथळे तांबड्या अक्षरांत लिहीत, त्यावरून रुब्रिक म्हणजे सूचना, आणि पुढे निकषांचा तक्ता. आमच्या घरच्या एका जुन्या पोथीत दंड (वाक्य संपल्याच्या उभ्या रेघा) आणि अध्यायाचे आकडे गेरूनं माखलेले आहेत. लहानपणी मला ते डाग वाटायचे. वाचणाऱ्याला ओळीत थांबायची जागा दिसावी म्हणून ते लावलेले असतात, हे फार उशिरा कळलं.

केल्सच्या पानांवर सोनं नाही, पण सोन्यासारखा पिवळा आहे. त्याचं लॅटिन नाव 'आउरिपिग्मेंटुम', शब्दशः सोनेरी रंग. तो म्हणजे आपला हरताळ, गंधक आणि सोमल यांचं विषारी खनिज. केल्सच्या चित्रकारांनी तो पान सजवायला वापरला. आपल्या लेखनिकांनी तो चुका झाकायलाही वापरला. पिवळसर कागदावर चुकलेलं अक्षर हरताळाचा लेप देऊन पुसायचं आणि वर नवं लिहायचं. 'वचनाला हरताळ फासला' हा वाक्प्रचार तिथून आला. दुकानं बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा. त्यात 'हट्ट' म्हणजे बाजार आणि टाळं आहे.

निळ्याचं थोडक्यात सांगतो. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द हा निळा दगड दळून उत्तम निळा रंग होई. फारसी 'लाजवर्द'चं संस्कृतात 'राजावर्त' झालं. युरोपात सुरुवातीचा 'ल' गळून 'अझ्युर' झालं. जर्मनीतल्या डालहाइमच्या मठात पुरलेल्या एका स्त्रीच्या दातांवरच्या किटणात या दगडाचे निळे कण सापडल्याचं संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. ती अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासची. कुंचल्याचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करताना ते कण तोंडात गेले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. अलंकृत हस्तलिखितं फक्त पुरुषांनी केली असं म्हणणाऱ्यांना हा कयास विचारात पाडेल.

राहिलं रत्नांचं वेष्टन. न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात 'लिंडाउ गॉस्पेल्स' नावाचा ग्रंथ आहे. त्याचं पुढचं वेष्टन नवव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, सोन्याचं आणि रत्नांनी भरलेलं. त्याला 'कोंदणकाम' म्हणू नये असं मला वाटतं. कोंदणात मऊ शुद्ध सोनं खड्याभोवती दाबून भरतात आणि खडा आत रुततो. लिंडाउच्या वेष्टनावर उलट केलं आहे. खडे बारीक कमानींवर आणि सिंहाच्या पंजांवर उचलून धरले आहेत, कारण खालूनही उजेड जायला हवा. तिथे 'रत्नजडित वेष्टन' एवढंच म्हणावं.

मात्र आपल्या जडावातला एक शब्द इंग्लंडमधल्या चित्रांना अगदी नेमका लागतो. निकोलस हिलियर्ड (१५४७–१६१९) हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा चित्रकार. सोनाराचा मुलगा, स्वतःही सोनारकामच शिकलेला. त्याच्या कामाला तेव्हा 'लिमनिंग' म्हणत. तोही 'इल्युमिनेट'चाच घासून लहान झालेला शब्द. तळहातात मावतील अशी व्यक्तिचित्रं तो काढी आणि ती रत्नजडित पदकांत बसवली जात. चित्रातल्या बाईच्या गळ्यात माणिक दाखवायचं तर तो आधी चांदी लावून घोटायचा आणि तापवलेल्या सुईनं वर रंगीत राळेचा थेंब ठेवायचा. आपले जडावकार खड्याखाली चकचकीत पत्रा ठेवतात आणि त्याला 'डांक' म्हणतात. हिलियर्डनं चित्रातल्या माणकाला डांकच दिला होता.