कुत्र्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये न सुजलेली लसिकाग्रंथी का काढतात, आणि ती शोधतात कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीच्या मागच्या पायावर, घोट्याच्या जरा वर, मास्ट सेल ट्युमर (त्वचेतल्या मास्ट पेशींचा कॅन्सर) निघाला. सर्जन म्हणतात, ट्युमरसोबत लसिकाग्रंथीही काढू. पण ती हाताला सुजलेली लागत नाही, सुई घालून केलेल्या तपासणीतही काही आलं नाही. मग चांगली ग्रंथी कशाला काढायची, नेमकी कोणती काढायची हे कसं ठरवणार, आणि नंतर तिचा पाय सुजेल का?

मी कुत्र्यामांजरांच्या शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य आहे. तिला न बघता तिच्याबद्दल निर्णय देणार नाही, पण तुमच्या सर्जनचा विचार मला योग्य वाटतो. कारण सांगतो.

पायाला ठेच लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, हे आपण लहानपणी भोगलेलं असतं. पायातली लसिका, म्हणजे पेशींभोवतीचा पातळ द्रव, जांघेतल्या ग्रंथींतून गाळून पुढे जाते, म्हणून जखम पायाला आणि दुखणं जांघेत. ट्युमरमधून सुटलेल्या पेशीही त्याच वाटेने निघतात आणि वाटेतल्या पहिल्या ग्रंथीत अडकतात. या पहिल्या ग्रंथीला सेंटिनल नोड म्हणतात. ती शोधायची आणि तपासायची ही पद्धत माणसांत रुळली ती डोनाल्ड मॉर्टन या अमेरिकन सर्जनने १९९२ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमात (रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये) निळा रंग वापरून ती दाखवली त्यानंतर. आज स्तनांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत ती सर्रास वापरतात. कुत्र्यांत ती बरीच उशिरा आली.

आता तुमचा मूळ मुद्दा, सूज नाही म्हणजे रोग नाही. इथेच फसगत होते. इटलीतल्या सर्जन आणि पॅथॉलॉजिस्टांनी २०१८ मध्ये मास्ट सेल ट्युमर असलेल्या ९३ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांच्या ग्रंथी हाताला नेहमीच्या आकाराच्या लागत होत्या किंवा लागतच नव्हत्या. त्या काढून तपासल्यावर जवळपास निम्म्या कुत्र्यांत रोग ग्रंथीत पोहोचलेला निघाला. तोंडातल्या मेलॅनोमाचंही तसंच: २००३ मधल्या १०० कुत्र्यांच्या अभ्यासात, जबड्याखालची ग्रंथी मोठी नसलेल्या कुत्र्यांपैकी ४० टक्क्यांच्या ग्रंथीत कॅन्सर होता. बोटांनी चाचपून मिळणाऱ्या उत्तरावर एवढा मोठा निर्णय सोडता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुईच्या तपासणीला मी कमी लेखत नाही. ती सोपी आहे, भूल लागत नाही, आणि ग्रंथी रोगाने भरलेली असेल तर तिथल्या तिथे कळतं. पण सुई ग्रंथीच्या एका कोपऱ्यातल्या थोड्याशाच पेशी आणते. शिवाय निरोगी ग्रंथीतही मोजक्या मास्ट पेशी असतातच, त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यात ‘या नेहमीच्या की ट्युमरच्या’ हे सुटं सुटं बघून ठरत नाही. सुईत काही नाही आलं, तर निर्धास्त होऊ नका.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे: जवळची ग्रंथी हीच पहिली ग्रंथी असेल असं नाही. घोट्यावरच्या ट्युमरसाठी पुस्तकी उत्तर म्हणजे गुडघ्यामागची पॉप्लिटियल ग्रंथी. पण लसिका तिला वगळून जांघेतल्या ग्रंथीकडे जाऊ शकते, कधी थेट पोटात, कमरेच्या मणक्यांखालच्या इलियाक ग्रंथींकडेही. अमेरिकेत मास्ट सेल ट्युमरच्या १९ कुत्र्यांवर केलेल्या, २०१४ मध्ये आलेल्या कामात सुमारे ४० टक्के कुत्र्यांची सेंटिनल ग्रंथी जवळच्या ग्रंथीपेक्षा वेगळी निघाली. म्हणजे अंदाजाने ग्रंथी काढली आणि रिपोर्ट चांगला आला, तर तो चुकीच्या ग्रंथीचा चांगला रिपोर्ट असू शकतो. त्यामुळे सर्जनना पहिला प्रश्न ‘काढायची का’ हा विचारण्यापेक्षा ‘शोधणार कशी’ हा विचारा.

शोधण्याच्या सगळ्या पद्धतींत मूळ गोष्ट एकच: ट्युमरच्या भोवती, साधारण चार दिशांना, खुणेचं द्रव्य थोडं थोडं टोचायचं आणि ते कुठे जातं ते बघायचं. ट्युमरच्या आत नाही, भोवती. मेथिलीन ब्लू हा निळा रंग स्वस्त आहे आणि आपल्याकडे सहज मिळतो. टोचून हलका मसाज केला की काही मिनिटांत लसिकावाहिन्या आणि ग्रंथी निळ्या होतात. त्याची मर्यादा अशी की निळेपणा कातडी उघडल्यावरच दिसतो. कुठे उघडायचं हे तो सांगत नाही. म्हणून आधी नकाशा लागतो. सीटी स्कॅन असेल तर आयोडीनयुक्त द्रव्य टोचून काही मिनिटांत चित्रं घेतात आणि पोटातल्या ग्रंथीही सुटत नाहीत. सीटी नसेल तर लिपिओडॉल नावाचं तेलकट द्रव्य टोचून दुसऱ्या दिवशी साधा एक्स-रे काढतात; ग्रंथी पांढरी उठून दिसते. प्राण्यांसाठी सीटीची सोय मोजक्याच शहरांत असल्यामुळे हा एक्स-रेचा मार्ग मला आपल्याकडे फार उपयोगाचा वाटतो. इंडोसायनिन ग्रीन वापरलं तर खास कॅमेऱ्याखाली ग्रंथी चकाकते, आणि किरणोत्सारी टेक्नेशियम वापरलं तर किरण टिपणारा प्रोब तिच्यावर आवाज करतो. यांना लागणारी सामग्री महाग आहे आणि किरणोत्सारी द्रव्याला परवानग्याही लागतात. नकाशा आधी, आणि टेबलावर निळा रंग, अशी जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

मास्ट सेल ट्युमरमध्ये एक खबरदारी हवीच. या पेशींत हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीत सूज आणि खाज आणणारं द्रव्य, भरलेलं असतं. भोवती सुया टोचल्या, चोळलं, की ते बाहेर पडून अंग लाल होतं, सूज येते, रक्तदाब घसरू शकतो. म्हणून आधी अँटिहिस्टामाइन देतात. घरीही ती गाठ कुणी सारखी दाबून बघू नये, मुलांना तसं सांगून ठेवा. आणि मेथिलीन ब्लू वापरलं तर नंतर लघवी निळसर-हिरवी दिसेल, घाबरू नका.

गुडघ्यामागची ग्रंथी काढणं तसं सुटसुटीत काम आहे. ती कातडीखाली, मांडीच्या मागच्या दोन स्नायूंच्या मधल्या चरबीत असते. लहान छेद, भोवतालची चरबी धरून ग्रंथी अख्खी सोडवायची, रक्तवाहिन्या बांधायच्या. ग्रंथीलाच चिमट्याने धरून चेंगरायचं नाही: पेशी सांडतात आणि तपासणीसाठी ती खराब होते. ट्युमर आणि ग्रंथी यांच्यासाठी हातमोजे आणि हत्यारं वेगळी.

सगळ्या ग्रंथी इतक्या सोप्या नसतात. काखेतली ग्रंथी छातीच्या स्नायूंखाली, पुढच्या पायाच्या मोठ्या नसांच्या शेजारी असते. घशामागची, मिडियल रेट्रोफॅरिंजियल, हाताला लागतच नाही. ती लाळग्रंथीच्या आतल्या बाजूला, खोलवर, मानेच्या मुख्य धमनीला लागून असते, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये तीच पुष्कळदा राहून जाते. जबड्याखाली तर लाळग्रंथीलाच लसिकाग्रंथी समजण्याचा घोटाळा नवशिक्या हातांकडून होतो. गुदद्वाराजवळच्या पिशवीच्या कॅन्सरमध्ये पोट उघडून महाधमनीच्या फाट्याजवळच्या ग्रंथी काढाव्या लागतात. तिथे रक्तस्रावाचा खरा धोका असतो, तरीही त्या काढल्याने कुत्रं जास्त काळ जगतं आणि रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम खाली येतं, म्हणून ते करावं असं मी सांगतो.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण हे उत्तर इतरही वाचतील. अंगभर ग्रंथी सुजल्या असतील तर हे ऑपरेशन नाही. लिम्फोमात, म्हणजे लसिकापेशींच्याच कॅन्सरमध्ये, रोग सगळ्या शरीराचा असतो, ग्रंथी काढून तो जात नाही. निदानासाठी फार तर एक काढतात, उपचार केमोथेरपीचा. आणि आपल्याकडे गोचीड तापातही ग्रंथी सुजतात, तेव्हा आधी रक्त तपासा.

काढलेली ग्रंथी अख्खी फॉर्मालिनमध्ये जायला हवी. मास्ट सेलसाठी पॅथॉलॉजिस्ट २०१४ पासूनची एचएन ० ते एचएन ३ अशी प्रतवारी वापरतात: ० म्हणजे रोग नाही, १ मध्ये पेशी थोड्या वाढलेल्या, २ म्हणजे सुरुवातीचा प्रसार, ३ म्हणजे ग्रंथीची रचनाच मोडलेली. रिपोर्टमध्ये ही प्रत आणि ट्युमरची ग्रेड (तो किती आक्रमक आहे) दोन्ही मागून घ्या, नुसतं ‘पॉझिटिव्ह’ पुरेसं नाही. ट्युमर लो-ग्रेड, कडा स्वच्छ आणि ग्रंथी एचएन २ असून काढलेली, असं असेल तर पुष्कळ ऑन्कॉलॉजिस्ट आता केमो न देता लक्ष ठेवतात. हाय-ग्रेड असेल तर केमोची चर्चा करावीच लागते. ग्रंथी काढणं हा नुसता तपास नाही, उपचारही आहे असं मी मानतो: २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या १५२ कुत्र्यांच्या माहितीत, ग्रंथीत रोग असलेल्यांपैकी ज्यांची ग्रंथी काढली होती त्यांच्यात रोग पुढे सरकण्याचं प्रमाण कमी होतं. ती जुन्या नोंदींवरून काढलेली माहिती आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, पण माझा निर्णय त्या बाजूला झुकतो.

पाय सुजण्याबद्दल: टाक्यांच्या जागी पाणी साचणं आणि पंजाला काही दिवस थोडी सूज हे दिसतं आणि बहुतेक वेळा आपोआप उतरतं. स्तनांच्या कॅन्सरनंतर बायकांचा हात कायमचा सुजतो तसं कुत्र्यांत क्वचितच होतं, कारण लसिका दुसऱ्या वाटा शोधून घेते. एक-दोन ग्रंथी गेल्याने प्रतिकारशक्ती कमी होत नाही. दहा-बारा दिवस गळ्यात कोन, जिना आणि सोफा बंद, फिरणं फक्त पट्ट्यावर. जागा गरम लागली, पू आला, सूज दिवसागणिक वाढत गेली किंवा ती उलट्या करू लागली, शी काळी होऊ लागली, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हिस्टामाइनमुळे पोटात अल्सर होऊ शकतो आणि त्यावर औषध वेळेत मिळायला हवं.