सोयाबीन पिवळं पडलंय, हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने स्कॅन करून घेऊ का? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

राम राम मंडळी. गेल्या आठ-दहा दिवसांत औसा, माजलगाव, अंबड, वसमत अशा चारी बाजूंनी एकाच गोष्टीची विचारणा व्हायलीय, हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा. गावात ड्रोनवाले येतात, आमचा कॅमेरा रोग डोळ्याला दिसायच्या आधी धरतो म्हणतात आणि एकरी पैसे मागतात. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांसाठी इथंच लिहितो.

औशाच्या एका दादांनी फोटो पाठवून विचारलंय, "साहेब, तीन एकर सोयाबीन पिवळं पडलंय, ड्रोनवाला स्कॅन करून औषध सांगतो म्हणतो, करू का?"

दादा, आत्ता पैसे देऊ नका. सकाळी रानात जा, पिवळ्या पट्ट्यातली चार-पाच झाडं वेगवेगळ्या ठिकाणची बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी अन् शिरा मात्र हिरव्यागार असतील तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, चुनखडीच्या रानात पाऊस लागून राहिला की हमखास होतं, तर आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वापसा येऊ द्या, मग १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी घेऊन फवारा. पानावर पिवळे-हिरवे चट्टे एकात एक मिसळलेले आणि झाडं मधून मधून अशी दिसली तर तो पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते, ती झाडं उपटून नष्ट करा अन् पिवळे चिकट सापळे लावा. आणि ह्या दोन्हींत बसत नसेल तर झाड उपटून खोड ब्लेडने उभं चिरा. आत लालसर, नागमोडी पोखरलेली रेघ दिसली, कधी कधी बारीक पिवळट अळीच सापडते, म्हणजे खोडमाशी. तिघांचा इलाज वेगळा आहे, लोहाच्या दुखण्यावर कीटकनाशक मारून पैसेच जातात.

आता कॅमेरा ह्यात कुठं बसतो ते सांगतो, कारण वस्तू खरोखर चांगली आहे, तिला वाईट म्हणायचं नाही मला.

आपल्या मोबाईलचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीनच रंग मोजतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा त्याच उजेडाचे शंभर-दोनशे बारीक पट्टे करतो आणि फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यासाठी प्रत्येक पट्ट्यात किती उजेड परत आला ते लिहून ठेवतो. डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा (हे उजेडाच्या लहरीची लांबी मोजायचं माप) उजेड दिसतो, हे कॅमेरे १००० पर्यंत जातात, महागडे २५०० पर्यंत. निरोगी पान लाल उजेड खाऊन टाकतं पण ७०० च्या पुढं गेलं की एकदम निम्म्याच्या आसपास उजेड परत फेकतं, तिथं आलेख भिंतीसारखा उभा चढतो. झाडाला त्रास सुरू झाला की ती भिंत थोडी डावीकडं सरकते, आपल्या डोळ्याला पान अजून हिरवंच दिसत असतं तेव्हाच. ९७० च्या आसपास पानातल्या पाण्याची खूण असते. तर "आधी कळतं" हे खोटं नाही. पण कळतं ते एवढंच की हरितद्रव्य कमी झालं, पाणी कमी झालं. कशामुळं झालं हे ओळखायला त्याला आपल्याच भागातली, आपल्याच वाणाची, लॅबला तपासलेली पानं दाखवून आधी शिकवावं लागतं. दुसऱ्या देशातल्या सोयाबीनवर शिकलेलं सॉफ्टवेअर औशाच्या काळ्या रानात आणून लावलं तर त्याचा भरवसा मी तरी देणार नाही.

पूर्वी हे यंत्र विमानातून न्यावं लागायचं, नासाचं अविरिस १९८७ पासून असंच उडवलं गेलं. आपल्या इस्रोने २०१८ च्या नोव्हेंबरात हायसिस उपग्रह सोडला, त्याचा एक ठिपका ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ ९ गुंठे. बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीने २०२५ च्या जानेवारीत सोडलेल्या उपग्रहांचा ठिपका ५ मीटरचा, पाव गुंठा धरा. आणि फिनलंडच्या स्पेसिम कंपनीचा हातात धरायचा कॅमेरा १.३ किलोचा आहे, २०४ पट्टे मोजतो. किंमत अजून लाखांत आहे, त्यामुळं एकट्या शेतकऱ्याने घ्यायची ही वस्तू नाही.

म्हणून ड्रोनवाल्याला दोन गोष्टी जरूर विचारा. किती पट्टे? मी मागच्या हंगामात एका गावात डेमोला गेलो होतो, नाव हायपरस्पेक्ट्रल आणि कॅमेऱ्याला पाच भिंगं, पाच पट्टे, म्हणजे तो मल्टिस्पेक्ट्रल निघाला. तोही कामाचाच असतो पण त्याचा दर वेगळा, त्याचं काम वेगळं. दुसरं, पांढरा पॅनल कुठाय? उडवायच्या आधी आणि नंतर जमिनीवर एक ठराविक पांढरी किंवा करडी पाटी ठेवून तिचा फोटो घ्यावा लागतो, त्याशिवाय सकाळचा उजेड अन् दुपारचा उजेड सारखा करता येत नाही. त्या दिवशी पाटी नव्हतीच, त्यात वरून ढग गेला अन् नकाशात ढगाच्या सावलीतली अख्खी पट्टी लाल, म्हणजे रोगट दाखवली. मी स्वतः त्या पट्टीत फिरलो, पीक चांगलं होतं. मालक मात्र फवारणीची तयारी करून बसलेला.

माजलगावच्या भाऊंचा प्रश्न, बोंडअळी दिसते का? नाही. गुलाबी अळी बोंडाच्या आत असते, वरून ड्रोनला ती दिसत नाही. कामगंध सापळे लावा, एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा १०० हिरव्या बोंडांत १० किडकी निघाली की फवारणीची वेळ झाली. कापसात ह्या कॅमेऱ्याचं खरं काम पुढं आहे, जिनिंगमध्ये. युरियाच्या गोणीचा पांढरा धागा कापसात गेला की डोळ्याला सापडत नाही, दोन्ही पांढरेच. पण नजरेपलीकडच्या उजेडात प्लास्टिकची खूण वेगळी अन् कापसाची वेगळी, तिथं धागा लगेच उठून दिसतो. तोवर वेचणीला सुती ओटी वापरा ना, फुकटात होणारं काम आहे.

अंबडच्या मोसंबीवाल्या काकांनी विचारलंय की फळ न कापता गोडी कळंल का. सफरचंदासारख्या पातळ सालीच्या फळात जमतं, मोसंबीची साल जाड, आत उजेड नीट पोचत नाही, अवघड जातं. बागेपुरतं दोन थेंब रसावर गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरे. मात्र पॅकहाऊसमध्ये सालीखाली सुरू झालेली बुरशीची कूज लवकर ओळखायला कॅमेरा चांगला.

वसमतच्या ताईंच्या गटाला हळदीतला कुरकुमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, मोजायचाय. ताई, भाव ठरवायला लॅबचाच रिपोर्ट लागतो. पण शे-दोनशे नमुने लॅबला तपासून कॅमेऱ्याला शिकवलं तर पुढचा लॉट पट्ट्यावरून जाता जाता अंदाज मिळू शकतो. हे गटाने विद्यापीठाला सोबत घेऊनच करण्यासारखं आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाला प्रस्ताव द्यायचा असेल तर कागद मी बघून देतो.

एका दादांचा मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, ह्यात काम मिळंल का म्हणतात. मिळंल, शेतीबाहेरच जास्त. आपल्या डाळमिलचं सॉर्टेक्स रंग बघून खडा उडवतं, हा कॅमेरा पदार्थच ओळखतो, म्हणून भंगारात पीईटी अन् पीव्हीसी ही दोन प्रकारची प्लास्टिकं वेगळी करायला, औषधाच्या गोळ्या तपासायला, खाणीतले दगड ओळखायला, ऑपरेशनमध्ये कुठल्या भागाला ऑक्सिजन कमी पडतोय ते बघायला वापरतात. काळ्या प्लास्टिकपुढं मात्र अडतो, त्यातली काजळी उजेड गिळून टाकते. मुलाला पायथन आणि संख्याशास्त्र नीट शिकू द्या.

औशाचे दादा, खोड चिरल्याचा फोटो उद्या पाठवा, शक्यतो सावलीत काढा अन् मागं पांढरा कागद धरा.