कशातच राम वाटत नाही, आणि त्यातच करिअर करायचंय

राजारामपुरीतून एका मुलीने लिहिलंय. टी.वाय.बी.ए., सायकॉलॉजी स्पेशल. ऑस्ट्रियन सायकियाट्रिस्ट व्हिक्टर फ्रँकल वाचल्यापासून एक्झिस्टेन्शियल थेरपिस्टच, म्हणजे जगण्याच्या मूळ प्रश्नांवर बोलून उपचार करणारी, व्हायचं डोक्यात बसलंय, दीड महिन्याचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स सापडलाय, फी भरू का? पप्पा म्हणतात कोल्हापुरात नुसतं बोलायचे पैसे कोण देणार. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ, 'वर्षभर मलाच कशात राम वाटत नाही.'

अगं, फी भरू नकोस.

एक्झिस्टेन्शियल थेरपीत ठरलेली टेक्निकं फार कमी असतात. अमेरिकन सायकियाट्रिस्ट यालोमने 1980 मधे तिचे चार विषय मांडले, मरण, स्वातंत्र्य आणि त्याची जबाबदारी, एकटेपण, आणि जगण्याला अर्थच नाही असं वाटणं. आता हे घेऊन समोरच्याजवळ घाई न करता बसायचं, हे दीड महिन्यात व्हिडिओ बघून येत नाही.

पप्पांना सांग, शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डिंगवर काढलेला माणूस रिटायर होतो, तरी पहाटे पाचला उठून आंघोळ उरकून इस्त्रीचा शर्ट घालून बसतो, आणि बायकोने कुठं निघालाय विचारलं की गप्प. झोपेची गोळी डॉक्टरांनी दिली तर घ्यावीच, पण 'आता मी कोण' ह्याला गोळी नाही, आणि असली माणसं आपल्याकडं घरटी एक सापडतील.

फ्रँकलकडं एक म्हातारे डॉक्टर आले होते, बायको जाऊन दोन वर्षं झाली तरी सावरत नव्हते. त्याने एवढंच विचारलं, तुम्ही आधी गेला असता तर? ते म्हणाले, तिला फार सोसावं लागलं असतं. म्हणजे तिचं ते सोसणं तुम्ही वाचवलंत, आणि त्याची किंमत आता मागं राहून देताय, असं फ्रँकल म्हणाला. डॉक्टरांनी हात मिळवला आणि निघून गेले. वाचायला भारी वाटतं, पण नवख्याने पहिल्याच भेटीत असला प्रश्न टाकला तर माणूस परत पायरी चढणार नाही.

आणि हे सगळ्यावर चालतं असंही नाही. न्यूयॉर्कला सायकियाट्रिस्ट ब्राइटबार्ट यांनी कॅन्सर फार पुढं गेलेल्या पेशंटसाठी फ्रँकलच्याच विचारावर आठ सेशनची ग्रुप थेरपी बसवली, तिचे अभ्यास चांगले आहेत. पण भास होत असतील, जीव द्यायचे विचार असतील, तर आधी सायकियाट्रिस्ट, फिलॉसॉफी नंतर.

म्हणून आधी एम.ए. कर, क्लिनिकल किंवा काउन्सेलिंग. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावायची असेल तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता असलेलं ट्रेनिंग आणि रजिस्ट्रेशन लागतंच, आणि ह्या कोर्सेसची रचना सध्या बदलतीय, तेव्हा अ‍ॅडमिशनआधी आरसीआयच्या साइटवर कॉलेजचं नाव स्वतः बघ, एजंटच्या तोंडावर जाऊ नकोस. सीबीटी (विचार आणि सवयी बदलायची थेरपी) वगैरे नीट शिक, सुपरव्हिजनखाली पेशंट बघ, मग ह्या वाटेला ये. पैसे सुरुवातीला कमीच मिळतात, पप्पांचं तेवढं खरं आहे.

आता ती शेवटची ओळ. करिअरच्या प्रश्नाखाली ती दडपू नकोस. झोप, जेवण, अभ्यास बिघडला असेल तर ह्याच आठवड्यात सीपीआर हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा, नाहीतर टेलि-मानस ह्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलतात. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आणि घरी सांगून. एम.ए.चे फॉर्म त्यानंतर भरू, मार्कलिस्ट घेऊन ये.