चकरा नको मारू, बस

बेटा,

तुझा मेसेज वाचला, "काका, या शहरात श्वास घ्यायला जागाच नाही." नागपुरात बर्डीसारख्या भर बाजारात पीजी घेतल्यावर दुसरं काय होईल, खाली ट्रॅफिक, वर मेट्रो अन् रूममध्ये कूलरची घरघर. पण महाराजबाग तिथून पायी जाण्यासारखी आहे आणि तीन महिन्यांत तू एकदाही गेली नाहीस, हे वाचून हसूच आलं मला.

तू रील पाहून रविवारी संध्याकाळी फुटाळा तलावावर गेलीस अन् गर्दी पाहून परत आलीस. अगं त्या वेळी अर्धं नागपूर तिथेच असतं बापा! तू चांगली बाग शोधून राहिलीस, शोधायची असते जवळची. मग ती छोटी का असेना, लॉन उखडलेलं का असेना. महाराजबाग तर भोसल्यांच्या काळची, आता कृषी विद्यापीठाकडे आहे, झाडं जुनी आहेत, अजून काय पाहिजे?

आणि टाइम बदलून पाहा. सकाळी सहा वाजता वॉकवाल्यांचं राज्य असतं, हास्यक्लब, गेटवर कारल्याचा ज्यूस, मोठमोठ्याने पेन्शनच्या गप्पा (त्यात मीही असतो, कबूल). साडेसात-आठला ही मंडळी चहाला घरी पळते अन् मग अर्धा-पाऊण तास असा येतो की माळी पाइप लावतो, ओल्या मातीचा वास सुटतो, कुठेतरी उंच वाळक्या फांदीवर बसून तांबट पक्षी टुक टुक टुक करत राहतो. तो वेळ तुझा. गेट कधी बंद होतं ते मात्र तिथे पाहून घे.

मी स्वतः कित्येक वर्षं अंबाझरी तलावाजवळ नुसत्या चकरा मारल्या, पाच म्हणजे पाच, कानात गाणी, डोळे घड्याळावर. एक दिवस गुडघा धरला म्हणून उंबराखाली बसलो तर वर कोणीतरी फळं टाकून राहिलं, पाहतो तर राखी धनेशची जोडी! लांब वाकडी चोच, एक उंबर चोचीच्या टोकात धरायचं, मान मागे झटकायची, गिळलं. खाली माझ्या शर्टावर अर्धी उंबरं. मी रोज त्याच झाडाखालून जात होतो, सांग आता काय म्हणायचं.

म्हणून एक झाड पकड. कडुनिंब असेल तर चैत्रात बारीक पांढरी फुलं बाकावर पडतात, बहावा असेल तर मे महिन्यात पिवळा होतो, अन् सावलीचं म्हणशील तर टिनाच्या शेडपेक्षा झाडाखाली नेहमीच गार वाटतं कारण झाड पानांतून पाणी सोडत असतं. फोन बॅगेतच ठेव, निदान वीस मिनिटं.

उन्हाळ्यात शहाणपणा करू नको. नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, २५ मेच्या आसपास लागतो, पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा आठच्या आत घरी. मी एकदा साडेअकराला "थोडाच वेळ" म्हणून बसलो अन् दोन दिवस कैरीचं पन्हं पीत पडलो, खिशात कांदा होता तरी. दुपट्टा बांधून जा, पाण्याची बाटली ने, आणि पावसाळ्यात बाकावर टाकायला जुना पेपर, नाहीतर दिवसभर ओल्या कपड्यांत क्लास करावा लागेल.

कोणतं झाड पकडलंस ते कळव.

तुझा काका