पहिली नोकरी: पगाराआधी खाटा मोजा

प्रश्न: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही हातात आली. गंगाखेडला २० खाटांच्या प्रसूतिगृहात घरून जाऊन-येऊन १३ हजार मिळतील. छत्रपती संभाजीनगरला १२० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात आयसीयूसाठी १५ हजार देतात. पण खोली-मेस माझी, ओरिजिनल कागदपत्रं जमा आणि दोन वर्षांचा बॉण्ड. घरचे म्हणतात, जवळचं घे. काय करू?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर: वरचे दोन हजार खोलीभाड्यालाही पुरणार नाहीत, तेव्हा पगारावरून ठरवू नका. एम्सच्या ‘नॉरसेट’ या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला बीएस्सी नर्सिंगवाल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. प्रसूतिगृहात हात लवकर बसेल हे खरं, पण तिथली वर्षं या अर्जात धरली जाणार नाहीत. आमचं मत संभाजीनगरच्या बाजूने आहे, मात्र त्यांच्या अटींवर नाही.

ओरिजिनल पडताळणीला दाखवा आणि त्याच दिवशी परत घ्या. जमा करायच्या त्या साक्षांकित प्रती. उद्या सरकारी भरतीची कागदपत्रं तपासणी लागली आणि मार्कशीट मेट्रनच्या कपाटात असली, तर रजा मागण्याआधी मार्कशीट मागत फिरावं लागतं. बॉण्डऐवजी एक महिन्याची नोटीस लिहून मागा. अनुभवपत्रावर ‘स्टाफ नर्स’ हे पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि खाटांची संख्या येईल ना, हे आताच विचारा. सोडताना गोडीत कुणी देत नाही.

पगार बोलताना एक आकडा लक्षात असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान २० हजार पगार सुचवला होता. पाळतं कोण, हे वेगळं सांगायला नको.

होकाराआधी रात्रीच्या ओव्हरच्या, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंट सोपवण्याच्या, वेळी आयसीयू बघून या. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर हवी. एकाच सिस्टरकडे असे तीन-चार पेशंट असतील तर नव्या मुलीला शिकवणार कोण? पहिले काही आठवडे सीनियरबरोबर ड्यूटी मिळेल का, तेही विचारा. क्रॅश ट्रॉलीचं (तातडीच्या औषध-साहित्याच्या गाडीचं) रजिस्टर पाहा, जमलं तर लॅरिंगोस्कोपचं (श्वासनळीत नळी घालताना घसा पाहायच्या दिव्याच्या उपकरणाचं) ब्लेड उघडून दाखवायला सांगा. दिवा मिणमिणत असेल आणि रजिस्टरवर रोजची सही असेल, तर तिथे न तपासताच सह्या होतात.

हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर पहिला डोस याच आठवड्यात घ्या. पुढचे एका आणि सहाव्या महिन्याला. सुई टोचायला तेवढी वाट पाहत नाही.