आयर्विनला फूट, आणि गटाराला ‘खूप’?

कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत आवक-जावकच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, टपाल साहेबांपुढं न्यायचं आणि खिडकीशी आलेल्या माणसाला सांगायचं, ‘अजून टेबलावरच आहे.’ आता निवृत्त होऊन सांगलीच्या गावभागात राहते. या सदरात जी उत्तरं देते ती त्या एका खुर्चीतून जे दिसलं त्यावरून. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत. पहिलं मोठं आहे, उत्तरही लांबणार.

प्रश्न : ताई, आमची कॉलनी काही वर्षांपूर्वी शहराच्या हद्दीत आली, आधी ग्रामपंचायत होती. पाऊस लागला की डोंगराकडचं पाणी कोपऱ्यावर तुंबतं आणि गटार अंगणात येतं. मुलं बूट हातात घेऊन शाळेला जातात. तीन वर्षांत तीन निवेदनं दिली. शेवटच्यावर तर १८३ सह्या होत्या, निवेदन देतानाचा फोटो पेपरला आला. पण कोणी फिरकलं नाही. चौथं द्यावं का, की नाद सोडावा?
— गृहिणी, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, तिसऱ्या निवेदनाची झेरॉक्स सोबत पाठवलीत हे फार बरं केलंत. ती हातात घेतली आणि पहिल्याच ओळीवर थांबले. ‘विषय : कॉलनीतील विविध समस्यांबाबत.’ खाली भटकी कुत्री, मग पथदिवे, घंटागाडीची वेळ, बागेसाठी जागा, पाचव्या क्रमांकावर गटार आणि शेवटी कोपऱ्यावरचं खोकं. घात झाला तो ‘विविध’ या शब्दानं.

तुमच्या अर्जाचं पुढं काय होतं ते सांगते. सकाळचं टपाल पॅडमध्ये घालून साहेबांपुढं जातं. साठ-सत्तर कागद असतात, त्यांना वेळ असतो वीस मिनिटं. ते विषय वाचतात, फार तर पहिला मुद्दा वाचतात आणि समासात लिहितात ‘आरोग्य’, खाली सही. कारण पहिला मुद्दा कुत्र्यांचा. कागद आरोग्य विभागात जातो, तिथला लिपिक आपल्या कार्यविवरण नोंदवहीत चढवतो. पंधरा दिवसांनी टिपणी होते : ‘कुत्र्यांबाबत कार्यवाही सुरू आहे. उर्वरित मुद्दे अन्य विभागांशी संबंधित.’ संपलं. त्यांच्या वहीत अर्ज निर्गत, म्हणजे निकाली, झाला. अन्य विभागांना प्रत काढून पाठवणं कुणाचं काम, यावर कुणीच बोलत नाही. कागद दप्तरी दाखल, म्हणजे प्रकरण बंद. यात कुणी खोटं बोललं नाही, कुणी पैसे खाल्ले नाहीत, आणि गटार होतं तिथंच राहिलं. असे कितीतरी अर्ज मी माझ्या हातांनी लाल रुमालात बांधलेत. तेव्हा त्याचं काही वाटत नसे, हेही सांगून टाकते.

आता मजकूर. ‘खूप पाणी साचते’, ‘नागरिकांचे अतोनात हाल’, ‘रोगराईची दाट शक्यता’. बाई, मी सांगलीत राहते. जुलै उजाडला की इथं दूधवाला घंटी वाजवून आधी विचारतो, ‘आयर्विनला किती?’ आयर्विन म्हणजे इथला कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल, त्याच्याशी नदीची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या पाचवीतल्या पोराला पाठ. ४१ झालं की काठावरची माणसं फ्रिज उचलायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि ते आकडे लोक अजून वाढदिवसाच्या तारखेसारखे सांगतात. ‘नदीला खूप पाणी आहे’ असं इथं कुणी म्हणालं तर लोक त्याला पाव्हणा समजतील. आणि हीच माणसं माझ्या खिडकीशी आली की लिहायची, ‘गटाराला खूप पाणी’!

‘खूप’चं अभियंत्यानं काय करायचं? त्याला लांबी लागते, रुंदी लागते, खोली लागते, उतार कुठल्या बाजूला आहे ते लागतं. अर्जात यातलं काहीच नसलं की तो स्थळपाहणी लावतो. ती होते डिसेंबरात, कारण तोवर त्याला सवड नसते. कोपरा कोरडा ठणठणीत. तो लिहितो, ‘पाहणीवेळी पाणी आढळून आले नाही.’ तेही खरंच असतं.

तेव्हा चौथं निवेदन जरूर द्या, पण फक्त गटाराचं. कुत्री त्यात नकोत. शिवणाची टेप घ्या. पाणी साचलं की विजेच्या खांबाशी धरून फोटो काढा, आकडा दिसला पाहिजे. तारीख, वेळ, किती इंच, आणि ओसरायला किती तास लागले ते वहीत लिहा. पावसाळ्यात अशा चार नोंदी झाल्या तरी पुरे. पाणी कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत पसरतं ते पावलांनी मोजलं तरी चालेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गटार संपतं कुठं ते चालत जाऊन बघा. मला दाट शंका आहे की ते कुणाच्या तरी कुंपणापाशी येऊन थांबतं आणि पुढं त्याला वाटच नाही. नव्यानं हद्दीत आलेल्या भागांत हा जुना रोग आहे. प्लॉट पडले, ज्यानं त्यानं आपल्या दारापुरतं गटार बांधलं, आणि ते कुठल्या ओढ्याला नेऊन सोडायचं हे कुणी ठरवलंच नाही.

हे तपासायला सांगते कारण टेबल त्यावर ठरतं. तुंबलेलं गटार उपसणं हे आरोग्य विभागाचं, माणसं असली तर उद्याही होतं. वाटच नसलेल्या गटाराला वाट काढणं हे बांधकाम विभागाचं. त्याला अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश असा सगळा गोफ विणावा लागतो. तुम्ही तीन वर्षं ‘गटार साफ करा’ म्हणत असाल आणि दुखणं वाट नसण्याचं असेल, तर साफ करूनही पाणी अंगणातच येणार.

वेळेचंही बघा. सगळे अर्ज जुलैत यायचे, छत्रीचं पाणी माझ्या रजिस्टरवर ठिबकत. जुलैत पालिकेच्या पेटीत नव्या कामाला पैसे नसतात. वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि त्याचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढं येतं. म्हणजे नव्या गटाराची मागणी दिवाळी झाली की द्यायची, पावसाळ्यातले फोटो जोडून. त्या दिवसांत विभाग पुढच्या वर्षाच्या कामांची यादी करत असतात. तेव्हा तुमचं गटार यादीत शिरलं तर शिरलं.

राहिल्या सह्या. १८३ सह्या पेपरला शोभतात. आमच्या रजिस्टरला तो एकच अर्ज, एकच क्रमांक, आणि उत्तर जातं ते पहिल्या नावाला. पहिलं नाव दिवसभर कामावर असणाऱ्या माणसाचं असेल तर पाहणीला आलेला माणूस कुलूप बघून परत जातो. शिवाय हे प्रकरण पुढं लोकशाही दिनाला न्यायचं झालं (हा अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो) तर तिथं वैयक्तिक तक्रार लागते, सामूहिक निवेदन चालत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या ज्या चार-पाच घरांत खरोखर पाणी शिरतं त्यांनी आपापल्या उंबऱ्याचं माप घालून वेगवेगळे अर्ज द्या. पन्नास मात्र देऊ नका. पन्नास झाले की त्यांचा एक गठ्ठा करून एकच टिपणी लिहितात, आणि लिहिणारा वैतागलेला असतो.

प्रश्न : घरासमोरचा दिवा दीड महिना बंद आहे. पालिका म्हणते वीज कंपनीला सांगा, कंपनी म्हणते पालिकेला. नगरसेवक ‘सांगतो’ म्हणाले.
— किराणा दुकानदार, सांगली जिल्हा

उत्तर : दिवा पालिकेचा, तारेतली वीज कंपनीची. खांब बहुतेक ठिकाणी कंपनीचा असतो, म्हणून हा घोळ. शेजारचे दिवे लागतात आणि तुमचा एकटाच बंद असेल तर काम पालिकेच्या विद्युत विभागाचं. अख्खी ओळच अंधारात असेल तर फ्यूज, टायमर किंवा पुरवठा, तो दोघांनी मिळून बघायचा. खांबावर रंगानं क्रमांक घातलेला असतो, तो लिहा. पुसला असेल तर ‘अमक्या दुकानाकडून चौकाकडं जाताना डावीकडचा तिसरा खांब’ असं लिहा. शिडीची गाडी रात्री नाही, दिवसा येते, आणि दिवसा सगळेच दिवे बंद दिसतात. त्यामुळं क्रमांक नसला की वायरमन भलत्याच खांबावर चढतो. आमच्याकडं एकदा चांगला चालणारा दिवा बदलून आले होते.

प्रश्न : मी माहिती अधिकारात विचारलं, ‘आमच्या रस्त्याचं काम का झालं नाही? याला जबाबदार कोण?’ उत्तर आलं, ‘आपला प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.’ ही पळवाट नाही का?
— निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : गुरुजी, पळवाट आहे, पण दार तुम्हीच उघडं ठेवलंत. २००५ च्या या कायद्यात कार्यालयात असलेला कागद मागता येतो, कार्यालयाचा कबुलीजबाब नाही. ‘का’ काढून टाका. असं लिहा : ‘माझ्या अमुक तारखेच्या, आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर आजअखेर झालेल्या टिपणीची व शेऱ्यांची प्रत मिळावी.’ मग ‘का’चं उत्तर त्या टिपणीत आपोआप येतं. टिपणीच झालेली नसेल तर तसं लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहिताना हात कसा थरथरतो ते मी शेजारच्या टेबलावरून पाहिलंय.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. आपल्या राज्याच्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, तेवढं सांभाळा. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही. तीस दिवसांत काही आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील करा.

आणि रस्ता झालाय पण उखडलाय, असं असेल तर एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. प्रत्यक्ष फाईल बघायलाही मागता येते आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. फाईल बघायला गेलात तर कार्यादेशाच्या अटींत दोष दायित्व कालावधी किती महिन्यांचा लिहिलाय ते आधी शोधा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते, आणि तोवर त्याची अनामत पालिकेकडं असते. मुदत संपायच्या आत तुमचा अर्ज आवक झाला तर त्या अनामतीला हात घालता येतो. महिन्याभरानं उशीर झाला की तोच खड्डा तुमच्या-आमच्या घरपट्टीतून भरला जातो.

पालिकेच्या सभेला आपल्याला जाता येतं का, हेही तुम्ही विचारलंय. सर्वसाधारण सभा नागरिकांना बसून ऐकता येते, बोलता येत नाही. जरूर जा. मध्यंतरी बराच काळ राज्यातल्या कितीतरी पालिकांत प्रशासक होते, सभागृहाच्या खुर्च्यांवर धूळ होती. तेव्हापासून लोकांची जायची सवयच मोडली.

प्रश्न : तुम्ही नुसतं कागद लिहायला शिकवता. आम्ही वर्षभर अर्ज केले, शून्य. एके दिवशी खड्ड्यात वडाचं झाड लावून रस्ता अडवला, दुसऱ्या दिवशी सकाळी डंपर हजर! आता बोला.
— रिक्षाचालक, सातारा जिल्हा

उत्तर : बोलते. तुमचं खरं आहे. त्या दिवशी साहेब स्वतः खुर्चीतून उठतात, एरवी उठत नाहीत. मी कुणाला रस्त्यावर उतरू नका असं सांगणार नाही.

फक्त डंपरमध्ये काय होतं ते सांगा. मुरूम होता ना? एका रात्रीत मुरूमच येतो, डांबर येत नाही. मुरमाला निविदा लागत नाही, तो आधीच पडलेला असतो. दोन पाऊस झाले की तो वाहून खालच्या गटारात बसतो, आणि मग वरच्या पत्रातल्या बाईंच्या अंगणात पाणी येतं. आमच्याकडं एका चौकात तीन पावसाळे ओळीनं रास्ता रोको झाला आणि तीनदा मुरूम पडला. चौथ्या वर्षी तिथल्या गॅरेजवाल्यानं आंदोलन संपल्यावर गर्दी पांगायच्या आत साहेबांकडून कागदावर लिहून घेतलं, ‘डांबरीकरणाचे अंदाजपत्रक तयार करून सादर करावे’, खाली सही आणि तारीख. तो कागद घेऊन तसाच माझ्याकडं आला, ओल्या शर्टानिशी, आणि म्हणाला, ‘मावशी, आधी नंबर टाका.’ मी टाकला. पुढच्या मे महिन्यात तिथं डांबर पडलं. मधल्या काळात तो दर सोमवारी येऊन तोच नंबर सांगायचा. मला तो झोपेतही आठवायचा.

तुमच्या आंदोलनात असं काही लिहून घेतलं होतं का? नसेल तर वडाचं झाड काढून कुठंतरी नीट लावा, आणि डंपर पुन्हा बोलवायची वेळ आली तर त्या दिवशी खिशात एक कोरा कागद ठेवा.

प्रश्न : निवेदन टाइप करून द्यावं की हातानं लिहिलेलं चालतं? माझं अक्षर बरं आहे.
— विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : हातानं लिहिलेलं चालतं, नव्हे, वाचलं जातं. दोन प्रती कर. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. ‘शाई संपलीय, उद्या या’ म्हणाले तर तिथंच बस. आणि डावीकडं चार बोटं समास सोड. साहेबांचा शेरा तिथं पडतो. जागा नसली की ते कागद उलटून मागं लिहितात, आणि मागच्या बाजूची झेरॉक्स कुणी काढत नाही.