'कमिंग अप'ची समीक्षा: आलेल्या गिटारवादकाची की गेलेल्याची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटारवादक बर्नार्ड बटलर सोडून गेल्यावर 'स्वेड' या ब्रिटिश रॉक बँडने रिचर्ड ओक्स नावाच्या पोरसवदा गिटारवादकाला घेऊन 'कमिंग अप' हा अल्बम काढला, तेव्हा त्याचं भरभरून कौतुक झालं. मग आज जाणकार मंडळी त्याआधीच्या 'डॉग मॅन स्टार'लाच का डोक्यावर घेतात? तेव्हाचे समीक्षक चुकले का?

माझ्या मते चुकले नाहीत. गाणी चांगली आहेत हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण ओक्स नेमका कसा वाजवतो याबद्दल त्यांनी फार कमी लिहिलं. बहुतेकांचं लक्ष बटलरच्या रिकाम्या जागेवरच खिळलेलं होतं, आणि तीच सवय आजही सुटलेली नाही.

आधी त्या वेळची हवा लक्षात घ्या. एप्रिल १९९२ मध्ये, पहिलं सिंगलही बाजारात आलेलं नसताना, 'मेलडी मेकर' या संगीत-साप्ताहिकाने 'स्वेड'ला मुखपृष्ठावर छापून ब्रिटनमधला सर्वोत्तम नवा बँड ठरवून टाकलं होतं. १९९३ चा पहिला अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कारही मिळाला. पुढच्याच वर्षी 'डॉग मॅन स्टार'चं काम चालू असताना गायक ब्रेट अँडरसन आणि बटलर यांचं पार फाटलं. गाण्यांच्या लांबीवरून वाद, निर्माता एड बुलरवरून वाद. अल्बम पुरा व्हायच्या आतच, जुलै १९९४ मध्ये, बटलर बाहेर पडला. ऑक्टोबरमध्ये तो अल्बम आला आणि तिसऱ्या क्रमांकावर थांबला. तोवर ब्लर आणि ओअ‍ॅसिसचा जमाना सुरू झाला होता. 'स्वेड' संपला, असंच बहुतेकांनी धरून चाललं होतं.

अशा वेळी डॉर्सेटमधल्या पूल गावच्या सतरा वर्षांच्या ओक्सने आपली टेप पाठवली. ड्रमर सायमन गिल्बर्ट ती ऐकत बसला होता, तेव्हा अँडरसनला ते आपलंच जुनं रेकॉर्डिंग वाटलं, अशी गोष्ट बँडनेच सांगितली आहे. बँडच्या दृष्टीने ही केवढी मोठी पावती! पण याच गोष्टीमुळे ओक्सवर 'बटलरसारखा वाजवणारा मुलगा' हा शिक्का बसला. त्यात पहिले कितीतरी महिने त्याला दौऱ्यावर बटलरचंच काम निभवावं लागलं. 'डॉग मॅन स्टार'मधल्या 'वी आर द पिग्ज' या गाण्याच्या व्हिडिओत तर गिटार बटलरची आणि चेहरा ओक्सचा, असा प्रकार आहे. त्याचं स्वतःचं काही नीट कानावर पडण्याआधीच लोकांचं मत बनून गेलं होतं.

'कमिंग अप' २ सप्टेंबर १९९६ ला आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. दहा गाणी, त्यातली पाच सिंगल म्हणून निघाली आणि पाचही पहिल्या दहांत गेली. दहापैकी सहा गाण्यांवर रचनाकार म्हणून अँडरसनबरोबर ओक्सचं नाव आहे. 'ब्यूटिफुल वन्स'चं आधीचं नाव 'डेड लेग' होतं. टॉप टेनमध्ये जाईल असं गाणं दिलं नाहीस तर मांडीत गुडघा हाणून पाय बधिर करीन, असा दम बासवादक मॅट ऑस्मनने ओक्सला दिला होता म्हणे. गाणं आठव्या क्रमांकापर्यंत गेलं, पाय वाचला.

हेच गाणं हेडफोन लावून ऐका. सुरुवातीलाच गिटारची एक छोटी, गोल फिरणारी ओळ येते. शब्द सुरू व्हायच्या आत ती तुमच्या तोंडात बसलेली असते. बटलर असता तर गायकाच्या खालून त्याची दुसरी चाल धावत राहिली असती, थरावर थर चढले असते, आणि शेवटी गाणं कुणाचं असा प्रश्न पडला असता. ती त्याची ताकद होती, मला ती मनापासून आवडते. ओक्स मात्र आवाज आला की वाट सोडतो आणि दोन ओळींच्या मधे नेमकं बोलतो. 'फिल्मस्टार'मध्ये एकच जाड रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी धून) तो दामटून वाजवत राहतो, कुठेही नक्षीकाम नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला इतका संयम असणं ही साधी गोष्ट नाही. समीक्षकांनी 'ग्लॅम' (सत्तरच्या दशकातला भपकेबाज रॉक), 'टी. रेक्स' (त्यातला एक बँड) असे शब्द वापरून हा सगळा भाग उरकून टाकला.

नील कॉडलिंगवरही अन्यायच झाला. गिल्बर्टचा हा चुलतभाऊ कीबोर्डवर आला. दोन गाण्यांवर त्याचंही नाव आहे, पण चर्चा सगळी गिटारवादकाचीच.

टीकेतला एक भाग मला पूर्ण पटतो. अँडरसनचे शब्द इथे स्वतःचीच नक्कल करू लागले होते. तीच उपनगरं, तीच पेट्रोल-सिगरेटची दुनिया. आवाजही जरा जास्तच चकचकीत आहे. पण हे ओक्सच्या खात्यावर कशाला मांडायचं? बुलर तर 'डॉग मॅन स्टार'चाही निर्माता होता.

याच्या अगदी उलट उदाहरण 'मॉडेस्ट माऊस' या अमेरिकन बँडचं. २००७ च्या त्यांच्या अल्बमवर ऐंशीच्या दशकातल्या 'द स्मिथ्स' या ब्रिटिश बँडचा जॉनी मार गिटारवर होता. तिथे नाव आधीच मोठं, त्यामुळे लोक प्रत्येक गाण्यात मारचा हात शोधत बसले. ओक्सच्या वाट्याला असं कुतूहल आलं नाही.

'डॉग मॅन स्टार' आज थोर मानला जातो ते रास्तच आहे. 'एनएमई' या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने २०१३ मध्ये निवडलेल्या सर्वकालीन ५०० अल्बममध्ये तो ३१ व्या क्रमांकावर होता. पण त्यामागे भांडणाची, ताटातुटीची गोष्टही उभी आहे, आणि लिहिणाऱ्याला अशी गोष्ट हवीच असते. 'कमिंग अप'मागे फक्त दहा गाणी आहेत. शिवाय बटलर बँडमध्ये जेमतेम पाच वर्षं होता. ओक्स मात्र २००३ मध्ये बँड थांबेपर्यंत राहिला, २०१० मध्ये सगळे परत जमले तेव्हाही तोच आला, आणि २०२२ च्या 'ऑटोफिक्शन'वरची धारदार गिटारही त्याचीच आहे. तो अल्बम ऐकून मग 'कमिंग अप'मधलं 'पिकनिक बाय द मोटरवे' लावा. हा मुलगा पुढे कुठे जाणार होता ते त्या संथ गाण्यात बरंचसं ऐकू येतं.